खळ्यावर वास्तू नसते

निंबशेतच्या घरांवर अजून कौलं चढली नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर ऐका, पण मध्येच "अभद्र, अभद्र" करू नका. ज्यांना तसं करायचंय त्यांनी आत्ताच उठावं.

गावात आवडा नावाची सून होती. तिचा सासरा रायाजी गावातला शहाणा माणूस. शहाणा म्हणजे काय, तर त्याच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. आवडाचा नवराही बापापुढे मुकाच. आणि सगुणी नावाची लेक, दात पडायच्या वयातली.

सुगीच्या तोंडावर आवडाला खोकला लागला. पदरावर रक्त आलं तेव्हा तिला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पण त्या घरात, आणि गावातल्या हरेक घरात, एक कायदा होता: घरात वाईट बोलायचं नाही. वास्तू आढ्याला बसून ऐकत असते आणि ऐकेल त्याला तथास्तु म्हणते. आवडानं तोंड उघडलं की रायाजी हात वर करायचा. "गप. काय धाड भरलीय तुला? चार दिसांत उठशील." नवरा मान डोलवायचा. शेजारणी उंबऱ्यापलीकडून तेच बोलायच्या आणि नाकाला पदर लावून निघून जायच्या.

आवडाला मरणाचं एवढं नव्हतं. तिला सगुणीचं होतं. आवडा लहान असताना तिची आई अशीच गेली होती, आणि थोरांनी सांगितलं होतं, आई मामाच्या गावाला गेलीय, येईल. ती पोर रोज वेशीवर जाऊन बसायची. दिवाळी गेली, होळी गेली. शेवटी खेळताना भांडण झालं आणि एका पोरानं चिडून सांगितलं, "तुझी आई जाळली, मी बघितलं." त्या दिवसापासून आवडानं थोरांच्या पाया पडणं सोडलं, असं म्हणतात.

आपल्या लेकीनं तसं वेशीवर बसू नये, एवढंच तिला हवं होतं. पण सांगायला जीभ उचलली की रायाजी आडवा.

एक दिवस सगुणीच बोलली. "आज्या, वास्तू सगळ्यालाच तथास्तु म्हणती का?"

"सगळ्याला."

"मग तू रोज म्हणतोस आई उठंल, त्याला का न्हाई म्हणत? भैरी हाय का?"

रायाजीनं तिच्या थोबाडीत मारली. उत्तर नसलं की हात उचलायचा, ही थोरांची जुनी विद्या.

आवडा उठली. गोधडी ओढत, भिंतीला धरत, लेकीला घेऊन गावाबाहेरच्या खळ्यावर गेली. जिथं कणसं मळतात ती सारवलेली मोकळी जागा. मधोमध बैल फिरवायची मेढ, बाकी ना भिंत ना छप्पर. मेढीला पाठ लावून ती बसली आणि म्हणाली, "हितं वास्तू न्हाई. सगुणे, मी मरणार हाय. परत यायची न्हाई. येशीवर बसू नगंस."

पोर रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "मग माझी वेणी कोण घालंल?"

"तूच. बस फुडं, शिकवते."

आवडा घरी परतली नाही. लोक आधी हसायला आले. मग एक विधवा जवळ बसली आणि म्हणाली, नवरा मेला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, हे कुणाला सांगू? एक गडी म्हणाला, पोरगा गेल्यापासून विहीर बघितली की पाय ओढतात. आवडा कुणाला "होईल बरं" म्हणाली नाही. ती म्हणायची, "फुडं बोल." मरणारी बाई ऐकते म्हटल्यावर जगणाऱ्यांना बोलायची लाज वाटेना. तो गडी पुढं म्हातारा होऊन मेला.

आणि खळ्यावर कुणी खरं बोललं की वारा सुटायचा, असं म्हणतात. उफणायला, म्हणजे दाण्यातला भुसा उडवायला, असा वारा गावानं कधी बघितला नव्हता.

ते बघून रायाजी गावातली चार पागोटी, म्हणजे चार थोर, घेऊन आला. "चल घरी. शोभा करतीस व्हय? काय बी झालेलं न्हाई तुला."

त्याच शब्दाला वारा पडला. हवेत उडालेला भुसा सरळ खाली आला, पाचही पागोट्यांवर.

मग वारा आलाच नाही. पान हलेना. ज्वारीच्या राशी भुशासकट पडून राहिल्या आणि आभाळ भरून यायला लागलं. पाऊस पडला असता तर वर्षाची भाकरी कुजली असती. थोरांनी नारळ फोडले, कोंबडी आणली. आवडाला आता धड बसवत नव्हतं. ती म्हणाली, "कोंबडीला कशाला मारता? ती कुठं खोटं बोललीय?"

शेवटी रायाजी तिच्यासमोर खाली बसला. पागोटं काढून.

"पोरी, तू मरणार," तो म्हणाला. "आन् मला भ्या वाटतं. तुझ्या सासूलाबी मी शेवटपातुर बोलू दिलं न्हाई. ती काय सांगणार हुती, मला ठाव न्हाई."

"इचारायचं हुतं, मामंजी."

"व्हय. इचारायचं हुतं."

आणि वारा आला. सगळं गाव राशींवर धावलं. शेवटची पाटी उफणून झाली तेव्हा आवडा मेढीला टेकून होती, डोळे उघडे, श्वास नाही. धान्य कणगीत गेल्यावरच पावसाचा पहिला थेंब पडला, असं म्हणतात.

बाया सगुणीला कुरवाळायला आल्या. "आई देवाच्या गावाला गेली गं, येईल हं."

"मेली ती," सगुणी म्हणाली. "मला सांगून मेली."

दुसऱ्या दिवशी तिनं आपली वेणी आपण घातली. वाकडी. पण वेशीवर ती एकदाही गेली नाही.

आता मळणी यंत्रावर होते. तरी निंबशेतात दर सुगीला आवडाईचं खळं सारवतात. मध्यंतरी थोरांना भक्तीचं उधाण आलं आणि तिथं पत्र्याचं देऊळ बांधायला काढलं. पत्रे तीनदा उडाले, असं म्हणतात. बरंच झालं. छप्पर आलं की वास्तू आली, आणि वास्तू आली की पुन्हा तेच खोटं.

कुणाचं दुखणं हटेनासं झालं की त्याची बाज खळ्यावर नेतात. तिथं पहिलं बोलायचं घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं, आणि बोलायचं स्वतःच्या भीतीचं. मग दुखणाईत काय म्हणेल ते ऐकायचं. लेकरांना हाकलायचं नाही.

थोर काही सुधारलेले नाहीत. घरात अजून "काही होत नाही" चालूच असतं, आणि बाज उचलायची वेळ आली की पहिले पाय त्यांचेच जड होतात. पण उचलतात. वारा पडलेला कुणालाच परवडत नाही.