गारठ्या आणि रुंजीची मोळी

सात डोंगर ओलांडले की एक वाडी लागायची. इतकी उंचावर, की पांढरे पांढरे ढग थेट अंगणात उतरायचे आणि कोंबड्यांच्या मागे मागे फिरायचे. त्या वाडीच्या अगदी टोकाच्या खोपटात इवलीशी रुंजी आणि तिची आई राहायच्या. घरात दोन मडकी, एक गोधडी आणि एक चूल. बस, एवढंच. पण ती चूल त्या कधी विझू द्यायच्या नाहीत.

कारण थंडीच्या दिवसांत त्या डोंगरांवर गारठ्या फिरायचा. ताडासारखा उंच, चुन्यासारखा पांढराफटक आणि गारांसारखी थंडगार बोटं. ज्या घरातली चूल विझेल, त्या घरात तो शिरायचा आणि चुलीपाशी बसून राहायचा. मग त्या घरातल्या माणसांच्या अंगात पुन्हा कधी ऊब यायची नाही.

म्हणून आई म्हणायची, "रुंजे, रोजची मोळी रोज आणावी गं. चुलीला उद्या कळत नाही."

रुंजी स्वभावाने गोड होती. घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसलं, तर ती झाडावर चढून त्याला अलगद घरट्यात ठेवायची. पण सरपण गोळा करायचं म्हटलं की तिला भारी कंटाळा! काटे टोचायचे, मान दुखायची. अशातच एकदा आई तापाने आडवी झाली आणि सगळं काम एकट्या रुंजीवर आलं. पहिल्या दिवशी तिने अर्धीच मोळी आणली. दुसऱ्या दिवशी ती ओढ्यावर खेळत बसली आणि मूठभर काटक्या घेऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं लाकूड चुलीत गेलं. गोधडीखाली आईचे दात कडकड वाजत होते.

"आई, मी आत्ता आले!" म्हणत रुंजीने दोरी उचलली आणि ती रानात धावली.

रानात धुकं दाटलं होतं. दुधासारखं, घट्ट. रुंजी भराभर वाळक्या फांद्या वेचू लागली. मोळी बांधून डोक्यावर घेतली, तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. करकर... करकर... आणि कानाशी गार वाऱ्यासारखा आवाज आला.

"रुंजीऽऽ, चूल विझत आली ना गं?"

रुंजीने मागे पाहिलं नाही. ती पळत सुटली. पळता पळता तिला कुणाचं तरी बारीक रडणं ऐकू आलं. एका पडलेल्या ओंडक्याखाली काहीतरी लुकलुकत होतं. परी! जास्वंदीच्या कळीएवढी परी! तिचा एक गुलाबी, सोनेरी पंख ओंडक्याखाली अडकला होता.

करकर... करकर... आवाज जवळ येत होता. रुंजीला वाटलं, पळावं. पण परीचे डोळे तिच्या आईसारखेच थकलेले होते. तिने मोळी टाकली, पाय रोवले आणि ओंडका ढकलला. हलेना. दात आवळून तिने पुन्हा ढकलला. ओंडका गडगडत गेला आणि परी भुर्रकन वर उडाली. पण मोळीला धक्का लागला, दोरी सुटली आणि सगळी लाकडं उतारावर विखुरली.

"गुणी गं माझं बाळ!" परी म्हणाली. "तीन इच्छा माग. पण एक नियम आहे. तुझ्या हातांना जे जमतं, ते मागू नकोस. मागशील तेवढं बळ तुझ्या हातांतून जाईल."

घाबरलेल्या रुंजीला ते धड ऐकूच आलं नाही. "परीताई, मला घरभर सरप..."

चटकन तिची करंगळी ताठ झाली. वाळक्या काटकीसारखी, राखाडी. रुंजीने जीभ चावली आणि शब्द गिळला. पण ती करंगळी पुढे कधीच वळली नाही.

रुंजी रडत रडत खाली वाकली आणि एकेक लाकूड वेचू लागली. तेवढ्यात धुक्यातून एक लांब सावली तिच्या शेजारून पुढे सरकली.

"वेच, वेच," गारठ्या हसला. "मी तुझ्या घरी जाऊन बसतो."

रुंजीने हाक मारली, "परीताई! मी पोहोचेपर्यंत चुलीत एक तरी निखारा जिवंत राहू दे! इथून माझे हात तिथे पोहोचत नाहीत."

"राहील," परी म्हणाली.

"आणि मला वाट दिसू दे."

परीने पंख झटकले. धुक्यातून निळ्या, जांभळ्या, केशरी ठिणग्यांची एक चिमुकली वाट उमटली. मोळी रुंजीनेच बांधली, रुंजीनेच उचलली आणि मान मोडेल असं वाटलं तरी वाटेत कुठे टेकवली नाही.

दिवस मावळताना ती घरी पोहोचली. गारठ्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता. आई हलत नव्हती.

"त्याला घालवू का?" परीने हळूच विचारलं. "अजून एक इच्छा आहे."

रुंजीने मोळी छातीशी धरली. "नको," ती म्हणाली. "चूल पेटवता येते मला."

डोळे मिटून ती गारठ्याच्या हाताखालून आत शिरली. चुलीत मोहरीएवढा एकच निखारा होता. तिने बारीक काटक्या रचल्या, फुंकणी घेतली आणि फुंकू लागली. गारठ्याची बोटं तिच्या मानेवर आली. डोळ्यांत धूर गेला, दम कोंडला. तरी ती फुंकतच राहिली. फू... फू... फूऽऽ!

भक्कन जाळ उठला! लाल, पिवळा, सोनेरी! गारठ्या किंचाळला, पाण्यासारखा वितळला आणि उंबऱ्यावरून बाहेर वाहून गेला.

रुंजी आईला बिलगली. "परीताई, आता मागते. आईचा ताप उतरू दे. ते माझ्या हातांना जमत नाही."

परी हसली. तिने आईच्या कपाळावर पंख टेकवला. खोपटभर चांदण्यासारखा उजेड पसरला, मडकी चमकली, गोधडीची ठिगळंसुद्धा फुलांसारखी झळकली. मग तो उजेड लहान लहान होत गेला आणि त्यातच परी दिसेनाशी झाली.

आईने डोळे उघडले. अंग घामाने भिजलं होतं आणि ताप उतरला होता. तिने रुंजीचे ओरखडलेले हात हातात घेतले.

"आई, मी दोन दिवस कामचुकारपणा केला," रुंजी हुंदके देत म्हणाली.

आईने तिची मान हळूहळू चोळली. "उद्या दोघी जाऊ हं," ती म्हणाली. "आता माझी पोर जेवेल." आणि तिने पेजेचं मडकं चुलीवर चढवलं.