सागवानी खांबाची वळचण

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, जुनं काही टाकण्याआधी त्याला काय येतं ते विचारायचं. तो या गोष्टीवरून सुचला.

फार मागे एका थंड हवेच्या गावात धर्मशाळा पाडून वाचनालय बांधत होते. तिचा सागवानी खांब अंगणात पडला होता.

सिमेंटचा नवा खांब म्हणाला, "आजोबा, उद्या तुमचं सरपण."

गंगाराम सुतार करवत घेऊन आला, पण त्यानं आधी विचारलं, "बाबा, तुला काय येतं?"

"पावसात उभं राहायला. बुंधा खाली ठेव, पायाखाली दगड दे, ओल चढणार नाही. वर लांब वळचण काढ."

गंगारामनं तो वाचनालयाच्या दारापुढे तसाच उभा केला, वर लांब वळचण काढली. आषाढात प्रवासी वळचणीखाली वाचत बसले. वळचणीबाहेर फाटकापाशी भिजणारा सिमेंटचा खांब हळूच म्हणाला, "आजोबा, मलाही आत घ्या ना."

"गंगारामला सांगतो, वळचण तुझ्यापर्यंत आणायला."

बायांनो, यंदा तुम्हीही हा नेम धरा.