चार श्वासांची घाई

फार जुनी गोष्ट नाही. राजे अजून होते आणि संगणकही आले होते, अशा काळात एका नदीकाठच्या नगरात एक कारागीर बाई राहायची. दरबारातल्या मोठ्या पडद्यावर ज्या खिडक्या उघडत, त्यांचं काम तिच्याकडे होतं. एका खिडकीत कोठारातलं धान्य दिसे, एकीत वेशीवरची वर्दळ, आणि एकीत नदीचं पाणी किती हात चढलं तो आकडा.

प्रत्येक खिडकीमागे संगणकाच्या पोटात एक अदृश्य सेवक राबत असे. संगणकवाले त्याला थ्रेड म्हणतात. नदीचा सेवक मोजपट्टीवरून आकडा वाचून आणी, आणि ती पट्टी एका वेळी एकालाच धरता येई.

नदीची खिडकी मधूनच अडकायची. मग प्रधान म्हणत, "बंद करा, पुन्हा उघडा." दहातल्या नऊ वेळा ती चालूही होई आणि दरबार प्रधानांच्या हुशारीला माना डोलवी. दहाव्या वेळी काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं.

बाईने पाहिलं. खिडकी बंद व्हायची, पण आतल्या सेवकाला कुणी तसं सांगतच नसे. तो बिचारा पट्टी धरून तिथेच उभा. नव्या खिडकीचा नवा सेवक येई, पट्टी मिळेना म्हणून तोही उभा. खिडकीत मात्र मघाचाच जुना आकडा ऐटीत झळकत राही.

बाईने महिनाभर डोकं घालून दुरुस्ती केली. आता खिडकी बंद करताना आधी सेवकाला निरोप जाई. तो पट्टी खाली ठेवून परत आला की मगच खिडकी मिटे, आणि त्यानंतरच नवा सेवक निघे. याला चार श्वासांचा वेळ लागे.

त्या चार श्वासांवरून प्रधानांचा पारा चढला. "तुझा तो सेवक परत येईपर्यंत महाराजांनी ताटकळत बसायचं? ते थांबणं काढून टाक."

"ते थांबणं हीच दुरुस्ती आहे, प्रधानजी," बाई म्हणाली. "काढलं तर खिडकी खोटं बोलेल. नदीकाठी कुंभारवाडा आहे."

"काढ, नाहीतर घरी जा."

बाई घरी गेली. तिच्या जागी आलेल्या होयबाने एका दुपारात ते थांबणं उडवलं. खिडकी झटक्यात बंद होते म्हणून त्याला भर दरबारात शेला मिळाला. काम करणारीला घरचा रस्ता आणि काम बिघडवणाऱ्याला शेला, असला हा न्याय. ऐकून बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती रोज सकाळी नदीवर जाऊन पाणी स्वतः पाहून येई.

एका सकाळी पाणी अकरा हात चढलेलं दिसलं. ती धावत दरबारात गेली. खिडकीत सात हात होते.

"पडदा सात म्हणतो आणि तू अकरा?" प्रधान म्हणाले. "आत्ताच बंद करून उघडली आहे खिडकी."

बाई तिथे वाद घालत बसली नाही. तडक कुंभारवाड्यात गेली आणि दारोदार हाका मारत फिरली. माणसं, पोरं, गाढवं सगळी टेकडीवर पोचली. वाळत घातलेली कच्ची मडकी मात्र अंगणातच राहिली.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी कुंभारीण ओंजळभर चिखल घेऊन दरबारात आली. तो तिने राजासमोर फरशीवर ठेवला.

"म्हाराज, ही माझी दोनशे मडकी. तुमचं चार श्वास वाचलं म्हनं. ते कुटं ठिवल्यात, तेवढं दावा."

राजाने प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी सवयीने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजूनही सात हातच होते.

बाईला त्याच दिवशी मानाने परत बोलावलं. तेव्हापासून ती खिडकी मिटताना राजा चार श्वास गप्प बसून राही, आणि प्रधानांना शेजारी उभं करी.

तात्पर्य: काम बंद करणाऱ्याने आधी काम करणाऱ्याला हाक द्यावी आणि तो परत येईपर्यंत थांबावं. तेवढा धीर ज्याला नाही, त्याच्या घाईची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.