कमरेवरचा हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या नाण्यांवरूनही झिजून गेलं आहे. त्या राजाच्या मुलखात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात मल्लखांबाची तालीम होती. तालमीचे वस्ताद होते धोंडजी.

दर दसऱ्याला राजा स्वतः खेळ बघायला यायचा. त्या दिवशी तालमीतलं सगळ्यांत तयार मूल खांबाच्या टोकावर जायचं आणि दोन्ही हातांवर उलटं उभं राहायचं. पाय आभाळात, डोकं खाली. राजा मान डोलवायचा आणि गाव पुढे महिनाभर दुसरं काही बोलायचं नाही.

वस्तादांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. आल्यागेल्याला ते सांगत, माझ्या तालमीत कुणाचं काही दुखत नाही. सांगताना उजवा हात कमरेवर असायचा. तो त्यांचा रुबाबच होता. तालमीतली शेंबडी पोरंसुद्धा तसाच हात कमरेवर ठेवून गावातून फिरायची.

आता कुणाचं दुखत का नव्हतं, तेही ऐका. तालमीचा रिवाज असा, की जो ‘दुखतंय’ म्हणेल त्यानं खांब सोडायचा आणि अमावास्येपर्यंत तालीम झाडायची. मग येणारा-जाणारा विचारणार, ‘काय रे, खांब चावला का?’ असं असल्यावर कोण तोंड उघडणार? पण पोरं हुशार होती. ज्याचं कोपर दुखे तो मावशीच्या लग्नाला जाई. चार दिवस घरी बसून हात शेकी, जरा बरं वाटलं की परत येई आणि पुन्हा त्याच कोपरावर सगळं अंग तोली. दुखणंही मग परत येई. त्या गावातल्या मावशा इतक्या वेळा बोहल्यावर चढल्या, की मुंडावळ्या विकणाऱ्यानं तिथे दुकान टाकायला हरकत नव्हती.

एक तेली होता. त्याच्या रांजणाला चीर गेली. त्यानं काय केलं, तर चिरेची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली. गिऱ्हाइकाला चीर दिसेना, काही दिवसांनी तेल्यालाही दिसेना. भिंत मात्र तेल पीत राहिली. त्या तालमीचं तसंच चाललं होतं.

तिथे ठकी नावाची मुलगी होती. अंगानं काटक, बोलायला फटकळ आणि खांबावर खारीसारखी. यंदा टोकावर तीच जाणार, हे ठरलेलं होतं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पण तिचं उजवं कोपर दुखत होतं. दुखायचं, थांबायचं, पुन्हा दुखायचं. आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर येऊन जास्त दिवस मुक्काम करायचं. गणपती गेले तोवर हात पुरता सरळ होईना. ती वेणी बहिणीकडून घालून घेई, तांब्या डाव्या हातानं उचली. सांगितलं तर केरसुणी हातात येणार आणि खांबाचं टोक दुसऱ्या कुणाला मिळणार. म्हणून ठकी गप्प होती.

अशात वस्तादांना नात झाली. बारशाला सगळी तालीम जेवायला आली. पाळण्याखालून बाळाला एकीनं द्यायचं आणि पलीकडून दुसरीनं घ्यायचं, हा बायकांचा मान. पण बायकांना वस्तादांची थट्टा करायची हुक्की आली. एवढे खांब गाजवले आणि वीतभर नातीला घ्यायला भिता की काय, असं त्यांनी चिडवलं. वस्ताद हसत पाळण्याच्या एका अंगाला गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या अंगाला ठकीच्या हातात बाळ दिलं.

ठकीनं बाळाला पुढे केलं. हात थोडा गेला आणि अडला. कोपरात अशी कळ आली, की तिनं ओठ चावला. पलीकडून वस्तादांचे हात आले. डावा पोचला, उजवा अर्ध्यावरच थांबला. बाळ तिकडेही जाईना, इकडेही येईना. ते आपलं मधल्या मध्ये जांभई देत होतं. बायकांना वाटलं, दोघं गंमत करताहेत. सगळ्या हसायला लागल्या.

वस्तादांची बायको तेवढी हसली नाही. तिनं वाकून नातीला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाली, “एक हात देईना, एक हात घेईना. आणि म्हणे तालमीत कुणाचं दुखत नाही. अहो, लग्न होऊन आल्यापासून तुमच्या अंगरख्याची उजवी बाही मी घालून देते आहे.”

दारात उभ्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापले हात हळूच कमरेवरून खाली घेतले.

ठकी सवयीनं सांगायला लागली, की मावशीच्या लग्नात ओझं उचललं आणि...

“मावशीला सुखानं नांदू दे,” वस्ताद म्हणाले. “हात दाखव.”

त्यांनी आपला हात तिच्या हाताशेजारी धरला. एक म्हातारा, एक कोवळा, दोन्ही वाकलेले. वस्ताद म्हणाले, “माझा तुझ्याच वयात अडला. मीही सांगितलं नव्हतं. माझा आता सरळ व्हायचा नाही. तुझा होईल.”

“आणि दसरा?” ठकीनं विचारलं.

“यंदा तू हातावर उभी राहायची नाहीस.”

ठकी रडली. चांगली भोकाड पसरून रडली. वस्तादांनी तिला रडू दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वैद्याकडे नेलं. वैद्यानं सांगितलं, की मुलांची हाडं टोकाला अजून कोवळी असतात. हात पुरता सरळ होऊन दुखायचा थांबेपर्यंत त्यावर भार नको, आणि मग चढवायचा तोही थोडा थोडा. एका दिवसाच्या वजनानं गोणी फाटत नाही. हमालानं रोज एकाच जागी आकडा घातला की फाटते.

तालमीचा रिवाज त्याच आठवड्यात बदलला. झाडलोट सगळ्यांनी पाळीपाळीनं करायची. सकाळी खांबाला हात लावण्याआधी सगळ्यांनी रांगेत उभं राहून दोन्ही हात पुढे पसरायचे. ज्याचा हात अडेल किंवा दुखेल त्यानं तसं सांगायचं आणि बरं वाटेपर्यंत पायांचा आणि कमरेचा खेळ करायचा. हातांवरचा खेळ बाकीच्यांनीही रोज करायचा नाही. सुरुवातीला एका लबाडाचं कोपर रोज खांबावर चढायच्या वेळेलाच दुखायला लागलं. वस्तादांनी त्याला प्रेमानं डोंगराला एक फेरी मारून यायला सांगितलं. त्याचं कोपर चटकन बरं झालं.

दसऱ्याला राजा आला. टोकावर हातांवर उभं राहणारं कुणी दिसेना, तशी लोकांत कुजबुज झाली. वस्ताद पुढे झाले आणि त्यांनी भर मैदानात सांगितलं, की आमच्या सगळ्यांत तयार मुलीचं कोपर दुखतं आहे, दुसऱ्या कुणाची अजून तेवढी तयारी नाही, म्हणून यंदा तो खेळ नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते शब्द चारचौघांत उच्चारले होते.

मग ठकी आली. तिला खांबावर दोघांनी चढवलं. तिनं खांबाला पायांची तिढी मारली, अंग मागे सोडलं आणि उलटी लोंबकळत दोन्ही हात मोकळे सोडून राजाला नमस्कार केला. मैदानात इतका गलका झाला, की झाडावरची वटवाघळं भरदिवसा उडाली.

पुढच्या दसऱ्याला ठकी खांबाच्या टोकावर हातांवर उभी राहिली. दोन्ही कोपरं काठीसारखी सरळ होती. राजानं मान डोलवली का, ते मात्र तिला कळलं नाही. उलटं पाहताना सगळं गावच नाचतं आहे असं दिसत होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं.

तात्पर्य: दुखणं लपवणं ही बहादुरी नव्हे, जो वेळेवर सांगतो आणि थांबतो, तोच पुढे खूप दिवस खेळतो.