प्रश्नांसाठी एक तास

एका विद्यापीठात आहारशास्त्राचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली एक शिष्य संशोधन करीत असे. हुशार, कष्टाळू, आणि आपण हुशार आहोत हे पुरते ठाऊक असलेला. दोन वर्षे एका डोंगराळ गावी जाऊन त्याने तिथल्या बायकांचा आहार नोंदवला होता. निष्कर्ष धक्कादायक होता. चहा, मूठभर शेंगदाणे, एखादे केळे. डाळ-भाकरी त्यांच्या पोटात जवळजवळ जातच नाही! महिनाअखेरीस एका मोठ्या परिषदेत तो हा शोधनिबंध वाचणार होता. त्याची पदवी त्यावरच अवलंबून होती.

त्याआधी विद्यापीठाचा विज्ञान सप्ताह आला. आरोग्यविषयक व्याख्यानासाठी गुरूंनी शिष्याचेच नाव दिले, तेव्हा स्वारी हरखून गेली. पण कार्यक्रमपत्रिका हाती पडली आणि चेहरा उतरला. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, परिचय नाही. व्याख्यान वीस मिनिटे, प्रश्न एक तास.

आपल्याकडे प्रश्नोत्तरांचे काय होते, हे वाचकांना सांगायला नको. सत्कार लांबतात, अध्यक्ष रंगात येतात, आणि शेवटी सूत्रसंचालक ‘वेळेअभावी’ म्हणून हात जोडतो. त्यात वक्त्यालाही सुटल्यासारखेच वाटते.

“सर, दोन वर्षांचं काम वीस मिनिटांत कसं सांगू?” शिष्य म्हणाला.

“जेवढं ठाम माहीत आहे तेवढंच सांग. वेळ उरेल,” गुरू म्हणाले.

व्याख्यानाच्या दिवशी मान्यवरांच्या रांगांमध्ये त्या गावच्या बायका बसल्या होत्या. गुरूंनी त्यांना आणायला बस पाठवली होती. यांना यातले काय कळणार, असे शिष्याच्या मनात आले. तो बोलला मात्र झकास. टाळ्या पडल्या. मग सगुणाबाई उठल्या. त्यांच्या ओसरीवर त्याने कितीदा तरी चहा घेतला होता.

“दादा, तुमी आमच्याकडं कंच्या वारी यायचा?”

“शुक्रवारी. विद्यापीठाची गाडी शुक्रवारीच मिळायची.”

“आन् इचारायचा काय, तर काल काय खाल्लं. काल म्हंजी बेस्तरवार. आमच्या गावात समद्या बाया दत्ताचा बेस्तरवार धरत्यात, शुक्रवारी सोडत्यात. मंग भाकरी कुठनं सांगायची? बाकीच्या दिशी आमटीत कुस्करून दोन-दोन खातो की.”

“मग मला कधी सांगितलं का नाहीत?”

“तुमी कालचं इचारलं, आमी कालचं सांगितलं.”

सभागृह हसले. शिष्याच्या कानशिलांची आग झाली. त्याने गुरूंकडे पाहिले; ते शांतपणे त्याच्याकडेच पाहत होते. त्याने ध्वनिवर्धक पुन्हा हातात घेतला आणि म्हणाला, “माझी चूक झाली.” त्यानंतर उरलेला तासभर बायकाच बोलत होत्या आणि तो लिहून घेत होता.

सभागृह रिकामे झाल्यावर त्याने विचारले, “सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं ना?”

“नाही रे. माहीत असतं तर तुझ्या टेबलाशी येऊन सांगितलं असतं, चारचौघांत तुझी शोभा कशाला केली असती? मला माहीत नव्हतं, तुला माहीत नव्हतं, म्हणून तर तास ठेवला. परिषदेतल्या विद्वानांना आहारशास्त्र येतं, त्या गावचा गुरुवार येत नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पुढे तुझ्या निबंधावरून कुणी योजना आखली असती आणि नसलेल्या दुखण्यावर औषध दिलं असतं. ज्यांच्याविषयी आपण बोलतो, त्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ बोलू द्यावं. एवढंच मी इतक्या वर्षांत शिकलो.”

शिष्याने परिषदेतून नाव मागे घेतले. पत्र लिहिताना त्याला फार वाईट वाटले, पण हात अडला नाही. पुढच्या सोमवारी गाडी मिळेना, तेव्हा तो एसटीने निघाला आणि सकाळीच सगुणाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसला. प्रश्नावलीचे कागद पिशवीतच होते.

“मावशी,” तो म्हणाला, “मी काय काय विचारलंच नाही, ते आधी सांगा.”