सरबताचा पत्ता

आजच्या मधमाश्यांच्या खापरपणज्यांच्या काळची ही गोष्ट. उन्हाळ्यात जवळची सगळी फुलं सुकली होती. तेव्हा रंजी नावाची तरुण मधमाशी सरबताच्या दुकानामागून पोट भरून आली आणि पोळ्यावर नाचली. मधमाश्यांत नाचूनच पत्ता सांगतात.

“वणवण कशाला? सांडलेलं सरबत मधाहून गोड आहे!”

सगळ्या तिकडेच जाऊ लागल्या. पिल्लं ते आवडीनं खायची, पण त्यांच्या अंगी काही लागेना.

पिल्लांना भरवणाऱ्या वेणूआत्यानं एक थेंब जिभेवर घोळवला. “रंजे, ही नुसती चव आहे गं. माणसांनी साखरेविना गोड केलेलं पाणी. जीभ फसली, पोट कसं फसेल?”

“आत्या, मीच नाचले. पिल्लं दगावतील का गं?”

“रडू नको. तुझ्या नाचावर सगळ्यांचा विश्वास आहे. दुसरा पत्ता आण.”

डोंगरापलीकडे रंजीला फुललेला करंज सापडला. परत येऊन ती थकल्या पंखांनी नाचली.

“एवढं लांब?” एक बहीण कुरकुरली.

“हो. आणि सरबताइतकं गोडही नाही,” रंजी म्हणाली.

आत्यानं तिच्याकडचा रस सर्वांत अशक्त पिल्लाला भरवला. पोट भरताच ते समाधानानं झोपलं. ते पाहून कुरकुरणारी बहीणच सगळ्यांत आधी डोंगराकडे उडाली.