थोरल्या तळ्याची ताबा पावती

पाव्हणं, आधी ती खिडकी बघून घ्या, बाकीचं मग.

सिंगणवेढ्याच्या नगरपालिकेचं सभागृह हे. वर स्लॅब पडला, पंखे आले, खुर्च्या दोनदा बदलल्या, पण तळ्याकडची ही खिडकी आजवर कुणी लावलेली नाही. पावसाची झड आत येते, कागद भिजतात, मेंबर लोक कुरकुरतात, तरी लावत नाहीत. सभेतला प्रत्येक विषय या खिडकीत उभं राहून, तळ्याकडे तोंड करून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा लागतो. गटाराची झाकणं असोत नाहीतर स्मशानातला दिवा असो. वाचून झालं की मेंबरांनी नुसता हात वर करायचा. 'मंजूर' हा शब्द या चार भिंतींत कुणी काढत नाही. मागं एक नवा मेंबर सवयीनं 'मं' म्हणाला, तर शेजारच्यानं त्याच्या तोंडावर पानाच्या डब्यासकट हात दाबला होता.

हसा, हसा. पहिल्यांदा सगळेच हसतात.

आता तळ्याचं ऐका. गाव वसलं तेव्हा इथं प्यायला थेंब नव्हता. मूळ पुरुषानं सात वर्षं खणलं, खडकच लागत गेला. शेवटी त्यानं खड्ड्यात उतरून खडकाची ओटी भरली आणि शब्द दिला, की तू ये, त्या चिंचेपासून या घाटापर्यंतची जागा तुझी, गाव तिथं कधी पाय घालणार नाही. त्याच दिवशी दुपारी खडकाला पाझर फुटला, असं सांगतात. तेव्हापासून तळ्यातल्या तिला थोरली म्हणतात. पिढ्यान् पिढ्या तळ्यानं आपली हद्द सोडली नाही आणि गावानंही सोडली नाही.

मग म्युनिसिपालिटी आली. मेंबरांना मंडई बांधायची होती, मोक्याची जागा पाहिजे होती. त्यांनी चिंच तोडली, तळ्याचा तो कोपरा मुरूम टाकून बुजवला आणि वर मंडई बांधली. शब्द कुणाच्या ध्यानात होता? कागदावर नव्हता ना!

त्या वेळी म्युनिसिपालिटीचे हेडक्लार्क होते त्रिंबकराव बेदरकर. माणूस देवभोळा नाही, लबाडही नाही. बायको लवकर गेलेली. गोदी ही एकुलती एक लेक. तिला लहानाची मोठी त्यांनीच केली, वेणीसुद्धा स्वतः घालायचे. ती बाळंतपणाला माहेरी आली होती. म्हातारा ऑफिसात बसायचा, पण जीव सगळा खालच्या आळीतल्या घरी, गोदीपाशी.

त्रिंबकरावांची कामाची एक पद्धत होती. सभेचे ठराव ते सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे. विषय एका ओळीत, खाली 'अर्जात मागितल्याप्रमाणे देण्यात यावे, सर्वानुमते मंजूर'. मेंबर यायचे, प्रेसिडेंट निगडेवकील विचारायचे, "काय हो, सगळे विषय मंजूर ना?" आणि सगळे एका सुरात 'मंजूर, मंजूर' करत उठायचे. सव्वीस विषय असोत नाहीतर साठ, चहा निवायच्या आत सभा संपायची. याला ते कार्यक्षमता म्हणायचे. त्रिंबकरावांना तर तिचा अभिमान होता.

त्या वर्षी चैत्रात त्यांच्या टेबलापुढं एक बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, केस मोकळे, आणि उभी राहिली तिथं फरशी ओली. बाहेर ऊन असं, की पाखरू उडत नव्हतं.

"काय काम आहे, बाई?" त्रिंबकरावांनी मान वर न करता विचारलं.

"माझी जागा घेतलीत. परत पाहिजे."

"कागद आहे का काही?"

"कागद नाही. शब्द दिला होता."

"अहो, शब्दावर म्युनिसिपालिटी चालत नसते. अर्ज करा."

बाईनं अर्ज केला. खाली नाव, थोरलीबाई, राहणार सिंगणवेढे, पूर्वापार. त्रिंबकरावांनी अर्ज न वाचता त्यावर 'दप्तरी दाखल' लिहिलं आणि दप्तराच्या रुमालात बांधून टाकला. महिन्यानं बाई परत आली. जागा परत देता येत नसेल तर बदली जागा द्या, असा दुसरा अर्ज होता. तोही दप्तरी दाखल. तिसऱ्या महिन्यात तिसरा अर्ज आला. तिसऱ्यांदा आलेला अर्ज सभेपुढं ठेवायचा असा नियमच होता. त्रिंबकराव वैतागले. कागद ओला, उघडला तर फाटेल असा. त्यांनी तो उघडलाच नाही. विषय क्रमांक सत्तावीस, थोरलीबाई यांचे जागेच्या अर्जाबाबत, एवढं लिहिलं आणि खाली नेहमीचा ठराव.

सभेच्या दिवशी निगडेवकिलांच्या घरी आमरसाचं जेवण होतं. मेंबरांचं लक्ष घड्याळाकडे. "सगळे विषय मंजूर ना?" "मंजूर, मंजूर!" म्हणे त्या वेळी तळ्याकडची ही खिडकी आपोआप उघडली आणि वाऱ्याची झुळूकसुद्धा नसताना टेबलावरचे सगळे कागद ओले झाले. मेंबर म्हणाले, कुणाचा तरी तांब्या लवंडला. आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाई ठरावाची नक्कल मागायला आली. नक्कल करायची तर मूळ अर्जातला मजकूर उतरवावा लागतो. म्हणून त्रिंबकरावांनी रुमाल सोडला, अर्ज उघडला आणि पहिल्यांदा वाचला.

'मंडईखाली गेलेल्या जागेच्या बदल्यात खालच्या आळीतील एकवीस घरांची जागा, माणसांसकट, अर्जदारास कायमची मिळावी.'

खालच्या आळीतलं एकविसावं घर त्यांचंच होतं. आणि त्या घराच्या ओसरीवर दिवस भरत आलेली गोदी आडवी झालेली होती.

 तळ्याची गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली होती. ओल्या फरशीकडे त्यांनी आता कुठं नीट पाहिलं.

"बाई, चूक झाली हो!"

"कुणाची?"

"माझी. मी वाचलं नाही."

"मी तीनदा लिहिलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "मी जबरदस्ती कुठं केली? तुम्ही म्हणालात अर्ज करा, मी केला. तुम्ही दिलंत. नियमाप्रमाणे आठव्या दिवशी ताबा द्यायचा असतो ना? मी येते."

त्रिंबकराव धावत निगडेवकिलांकडे गेले, ठराव फिरवा म्हणून अक्षरशः पाया पडले. निगडेवकील सुपारी कातरत म्हणाले, "ठराव फिरवायला तीन महिने थांबावं लागतं, त्रिंबकराव. नियम तुम्हीच आम्हाला शिकवलेत. आणि कुण्या वेडसर बाईनं मागितली म्हणून आळी उठून चालायला लागते की काय? जा, घरी जाऊन ताक प्या."

आळीत सांगितलं, तर लोकांनीही तेच केलं. हेडक्लार्कांना ऊन लागलं म्हणाले.

पण तिसऱ्या दिवसापासून आळीतल्या विहिरी भरायला लागल्या. आषाढाचा पत्ता नाही, आभाळात ढगाचा टिपूस नाही, आणि पाणी हाताला लागेल इतकं वर. लोक खूश! बायका घागरी बुडवून बुडवून भरत होत्या, विहिरींना हळदकुंकू वाहत होत्या. त्रिंबकराव तेवढे भिंती बघत हिंडत होते. भिंतींना खालून ओल चढत होती, रोज वीतभर, आणि सगळ्या एकवीस घरांत अगदी एका रेषेत. चुलीतली राख ओली लागत होती. गोदी म्हणाली, "अण्णा, अंथरूण कितीदा बदललं तरी पाठ गार पडते हो."

ते ऐकलं आणि त्यांनी एक काम केलं, जे जन्मात केलं नव्हतं. वरचा हुकूम असल्याशिवाय स्वल्पविराम न बदलणारा हा माणूस, त्यानं ऑफिसात बसून खोटी नोटीस लिहिली. आळीत प्लेगचे उंदीर सापडले, सर्वांनी घरं खाली करून माळावर झोपड्या घालाव्यात. खाली निगडेवकिलांची खोटी सही केली आणि म्युनिसिपालिटीचा खरा शिक्का मारला. थोरलीला हसले होते ते लोक शिक्क्याला मात्र घाबरले. सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत आळी मोकळी झाली.

गोदीला गाडीत बसवताना तिनं बापाचा हात धरला. "अण्णा, तुम्ही नाही येत?"

"ताबा देऊन येतो."

"कुणाला?"

"जिची जागा गेली, तिला. तू रडू नकोस बाई, पोटातल्याला त्रास होतो." असं म्हणून त्यांनी तिची सुटलेली वेणी तिथंच, गाडीपाशी उभं राहून, नीट घालून दिली. एवढा वेळ का लावताय म्हणून गाडीवाला ओरडत होता.

आठव्या दिवशी, ऐन दुपारी बारा वाजता, त्रिंबकराव आळीच्या मधोमध टेबल मांडून बसले. दौत, टाक, शिक्का आणि ताबा पावतीचा कागद. माळावरून सगळा गाव बघत होता. पाणी तळ्याकडून आलंच नाही. ते घराघरातून आलं. नवी सून माप ओलांडून आत येते, तसं हे प्रत्येक उंबरा ओलांडून बाहेर आलं, सावकाश, आवाज न करता. टेबलाच्या पायांना लागलं, मग त्रिंबकरावांच्या गुडघ्यांना. त्यांच्यासमोर हिरवं काहीतरी उभं होतं, असं गोदीनं शेवटपर्यंत सांगितलं.

तिथं काय बोलणं झालं ते कोण ऐकणार? पण गाव सांगतं ते असं. ती म्हणाली, "घरं आहेत, पण माणसं कुठं? ठरावात माणसांसकट आहे."

त्रिंबकराव म्हणाले, "आहे. मी आता शब्द न् शब्द वाचलाय. माणसं किती, ते लिहिलेलं नाही."

मग त्यांनी पावती भरली, खाली सही केली आणि टाक तिच्यापुढं धरला. एवढं मात्र माळावरून सगळ्यांनी पाहिलं. पाणी छातीला लागलं होतं आणि म्हाताऱ्यानं कागद डोक्यावर उंच धरला होता, शाई फुटू नये म्हणून. गोदीनं हंबरडा फोडला आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकू आलं, तेव्हा खाली आळीच्या जागी नुसतं सपाट पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी टेबल घाटाला लागलं. पावती खणात होती, कोरडीठाक. ही बघा, काचेत लावलीय. अक्षर त्रिंबकरावांचं आहे. 'ताब्यात दिलेली घरे, एकवीस. ताब्यात दिलेली माणसे, एक.' खाली घेणाऱ्याचा अंगठा. काचेला आतून दव धरतं, ते पुसून जात नाही.

त्रिंबकरावांच्या बाराव्यानंतर म्युनिसिपालिटीची सभा भरली. गोदी तान्ही पोर काखेत घेऊन आत शिरली. निगडेवकिलांची तिला अडवायची छाती झाली नाही. या खिडकीत उभी राहून तिनं बापाची पावती मोठ्यानं वाचली आणि मेंबरांकडे वळून म्हणाली, "माझा बाप न वाचल्यानं गेला. यापुढं तुम्ही वाचाल. नाही वाचलंत तर तुमच्या लेकीसुनांना माळावर न्यायला माझे अण्णा नाहीत आता."  सगळ्यांनी नुसते हात वर केले. तेव्हापासून हीच रीत पडली.

आजही चैत्रात तळं आटलं की एकवीस घरांची जोती वर दिसतात, मोजून एकवीस. आजही विषय वाचायचा मान गोदीच्या घराण्याकडे आहे. सध्या सुलोचनाताई वाचतात, आवकजावकच्या टेबलावर असतात त्या. आणि आजही दर वर्षी चैत्रातल्या सभेआधी त्यांच्या टेबलावर एक ओला कागद येतो. कोण आणून ठेवतं, कुणी पाहिलेलं नाही. मागणी दर वर्षी तीच. ठरावाप्रमाणे उरलेल्या माणसांचा ताबा मिळावा.

तो अर्ज दप्तरी दाखल करत नाहीत, उलट सगळ्यात आधी वाचतात. सुलोचनाताई शब्द न् शब्द वाचतात, आणि वाचून होईपर्यंत सगळे मेंबर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. कुणाला खोकला आला तरी तोंडापुढं हात नेत नाहीत. दोन मिनिटं जातात, मग त्या कागद घडी घालून पुढच्या विषयाकडे वळतात, आणि सगळ्यांचा श्वास सुटतो.

सभेची वेळ झालीच आहे, पाव्हणं. बसा की मागच्या बाकावर, पाहुण्यांना मज्जाव नाही. चैत्र आहे, डास फार झालेत. पण पहिला विषय चालू असेपर्यंत चावला तरी चावू द्या. हात तेवढा वर करू नका.